कौलावर १८६५ आहे म्हणजे शाळाही १८६५ ची का? (जुनी लोकल बोर्डाची शाळा)

माळावरचा_वारा:

नमस्कार मंडळी. गेली तीन-चार वर्षं इथे फक्त वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

प्रश्न आमच्या गावच्या जुन्या शाळेच्या इमारतीबद्दल आहे. गाव सातारा जिल्ह्यातलं, डोंगराकडचं. शाळा आता तिथे भरत नाही, माळावर स्लॅबच्या खोल्या झाल्या तेव्हापासून जुनी इमारत कुलूपबंद आहे आणि आत मोडके बाक, निवडणुकीचं सामान आणि पाण्याच्या पाईपा पडल्यात. आता ती 'निर्लेखित' करायचा प्रस्ताव गेलाय म्हणे, म्हणजे आधी कागदावरून उडवायची आणि मग पाडायची, आणि जागेवर सभामंडप की व्यायामशाळा यावरून आत्तापासूनच भांडणं चालू आहेत.

तर झालं असं की आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने छपराच्या कौलाचा फोटो टाकला. कौलाच्या पोटावर इंग्रजीत बासेल मिशन टाइल वर्क्स आणि स्पष्ट १८६५. सगळे उडालेच. दीडशे वर्षांची वास्तू, हेरिटेज, हात लावू देणार नाही वगैरे. इकडे नव्या शाळेच्या फलकावर 'स्थापना १८६८' लिहिलंय, त्यामुळे एक जण म्हणतो इमारत शाळेच्या आधीच तीन वर्षं बांधून तयार होती, दुसरा म्हणतो ती आधी इंग्रजांची कचेरी असणार. आणि माझी आज्जी (वय ८९) शांतपणे म्हणते, येड लागलंय का, ही शाळा तिच्या सासऱ्यांच्या डोळ्यादेखत बांधली, दगड वाहायला आपलीच बैलगाडी दिलेली, त्याआधी शाळा मारुतीच्या देवळात भरायची.

इमारत अशी आहे: काळा दगड, चौपाखी कौलारू छप्पर, मधे एक लांबलचक हॉल, दोन्ही टोकांना एकेक छोटी खोली, समोर पूर्ण लांबीची ओसरी, तिचे सागवानी खांब दगडी तळखड्यांवर. खिडक्या दोन भागांच्या, खाली लाकडी झडपा आणि वर तावदानं. हॉलमध्ये एकही खांब नाही. भिंतीतच केलेला काळा फळा आणि त्याच्या बाजूला भिंतीतलं कपाट. कोनशिला शोधली, सापडली नाही. घंटा म्हणून रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलेला, तो अजून आहे.

नक्की वय कसं काढायचं? आणि ग्रुपवर कुणाचं ऐकायचं, कौलाचं की आज्जीचं?


चौपाखी:

आज्जींचं ऐका. कौल खोटं बोलत नाहीये, पण ते साल कौलाचंही नाही आणि शाळेचं तर अजिबातच नाही, ते कारखान्याचं आहे. प्लेब्स्ट नावाच्या जर्मन मिशनऱ्याने बासेल मिशनसाठी मंगळूरला नेत्रावतीच्या काठी कौलांचा कारखाना काढला तो १८६५ मध्ये, आणि ते साल छापात जे बसलं ते बसलंच, पुढे कित्येक दशकं निघालेल्या कौलांवर तेच. मिठाईवाल्याच्या पाटीवर स्थापनेचं साल असतं म्हणून आतले पेढे त्या सालचे नसतात ना, तसं.

कौलावरून एवढंच कळतं की पहिल्या महायुद्धानंतर मिशनचा धंदा इंग्रजांनी काढून घेतला आणि पुढे ते कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले, त्यामुळे ज्या कौलावर बासेल मिशनचं नाव आहे ते बहुतेक त्याआधीचं असावं. पण त्यातही गोम आहे. कौल ही उतरवून दुसरीकडे चढवायची वस्तू आहे, एखादा जुना बंगला नाहीतर चावडी उतरवली की त्याची कौलं शाळेवर गेली असं सर्रास व्हायचं. उलटंही होतं, इमारत जुनी, आधी तिच्यावर कुंभाराची नळीची कौलं होती आणि नंतर कधीतरी मंगलोरी चढवली. तुमच्याकडे सगळी कौलं एकाच छापाची आहेत का ते आतून बघा, टॉर्च घेऊन. तीन-चार कारखान्यांची नावं दिसली तर छप्पर अनेकदा चाळलंय (कौलं काढून परत घातलीत) समजा.

आता इमारतीकडे बघू, कारण मला तुमच्या वर्णनात सगळ्यात भारी काय वाटलं तर ते 'हॉलमध्ये एकही खांब नाही' हे वाक्य. गावातला वाडा आठवा. वाडा खणांत मोजतात, दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण, आणि तुळईला जेवढं लांब लाकूड मिळेल तेवढीच खोलीची रुंदी, त्यापुढे खांब आलाच. शाळेला हे चालत नाही कारण मास्तरांना सगळी पोरं दिसली पाहिजेत आणि पोरांना फळा. म्हणून इथे कैची आली, म्हणजे दोन तिरपे वासे, खाली आडवी तुळई, मधे उभा लाकडी खांब जो खरं तर तुळईला वरून धरून ठेवतो, खालून टेकू देत नाही (लोकांना नेहमी उलटं वाटतं). या कैचीमुळे पंधरा-वीस फूट रुंदीची जागा मधे काहीही न येता मोकळी सुटते. गावातल्या बऱ्याच लोकांनी बिनखांबाची एवढी मोठी खोली पहिल्यांदा पाहिली असेल ती शाळेतच.

आणि एकच लांब हॉल का, वेगवेगळे वर्ग का नाहीत? कारण मास्तर एक, फार तर दोन. बिगारीपासून चौथीपर्यंतची पोरं एकाच खोलीत रांगांनी बसायची, मोठी पोरं लहानांकडून पाढे म्हणून घ्यायची. शाळेची खोली लांब असण्याचं हे कारण आपल्याकडेही आणि इंग्लंडच्या खेड्यांतही सारखंच. गंमत म्हणजे इंग्लंडमध्ये ही मॉनिटरची पद्धत नेणारा अँड्र्यू बेल ती शिकला मद्रासच्या अनाथाश्रमात, तिथल्या पोरांना वाळूत अक्षरं गिरवताना बघून त्याला सुचलं, म्हणजे आपल्या धूळपाटीशीच नातं.

खिडक्या दोन भागांच्या का तर डोंगराकडचा आडवा पाऊस. खालच्या झडपा लावून घेतल्या तरी वरच्या तावदानांतून उजेड येतो, शाळा बंद करावी लागत नाही. मोठ्या खिडक्या फळ्याकडे तोंड केल्यावर डाव्या हाताला आहेत का बघा. तसा नियमच होता, उजेड डावीकडून यावा म्हणजे लिहिणाऱ्या उजव्या हाताची सावली पाटीवर पडत नाही.

वय काढायला तीन गोष्टी तपासा. कुठे लोखंडी गर्डर आहे का, विशेषतः दारांवर किंवा ओसरीच्या कडेला, त्याच्या उभ्या पट्टीवर कारखान्याचं नाव उठावात असतं. टाटांच्या जमशेदपूरच्या कारखान्यातून पोलाद निघायला लागलं १९१२ मध्ये, तेव्हा टाटा दिसलं तर गर्डर त्यानंतरचा. डॉर्मन लाँग दिसलं तर विलायती, तो आधीचाही असू शकतो नंतरचाही. दुसरं, दगडांच्या दर्जांमध्ये, म्हणजे सांध्यांमध्ये, चुना आहे की सिमेंट. तिसरं, ओसरीचे खांब आणि तळखडे एका मापाचे आहेत की गोळा केलेले.


जुना_हजेरीपट:

मी ३४ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांवर होतो, त्यातली सहा अशाच इमारतीत काढली, त्यामुळे राहवलं नाही.

वर चौपाखी यांनी इमारतीचं सांगितलं, मी कागदांचं सांगतो. मुळात शाळेचं वय आणि इमारतीचं वय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तुमच्या ग्रुपवाल्यांना आधी सांगा. १८६८ ही स्थापना अगदी पटण्यासारखी आहे. १८५४ च्या वूडच्या खलित्यानंतर १८५५ मध्ये मुंबई इलाख्यात शिक्षण खातं सुरू झालं, पण गावोगाव शाळा काढायला पैसा कुठून आणणार? तो आला लोकल फंडातून. शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा जादा पट्टी, १८६० च्या दशकात ती सुरू झाली आणि १८६९ मध्ये त्याचा रीतसर कायदा झाला. त्या एका आण्याचा तिसरा हिस्सा शिक्षणाला आणि बाकीचा रस्ते, विहिरी, धर्मशाळा वगैरेंना. म्हणजे तुमच्या आज्जींच्या सासऱ्यांनी गाडी दिली ती वेगळी, पैसे गावाने आधीच साऱ्यात भरलेले होते. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे हेच ठणकावून मांडलं की पैसा कष्टकऱ्यांच्या घामाचा आणि शिक्षण वरच्यांच्या पोरांना.

पण फंडाचे पैसे मुख्यतः पगारावरच जायचे हो. इमारत ही चैन होती. म्हणून शाळा देवळात, चावडीत, धर्मशाळेत, नाहीतर कुणाच्या वाड्याच्या सोप्यावर. पुण्यात फुल्यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली तीही भिड्यांच्या वाड्यातच. खेड्यात शाळेसाठी म्हणून बांधलेली इमारत यायला पुष्कळदा चाळीस-पन्नास वर्षं लागली. १८८४ च्या कायद्याने जिल्हा आणि तालुका लोकल बोर्डं आली, शाळा त्यांच्याकडे गेल्या, म्हणून म्हातारी माणसं अजून 'बोर्डाची शाळा' म्हणतात. १९२३ च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने स्कूल बोर्डं आली. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषद.

याचा उपयोग असा की दारावरच्या पाटीचा रंग खरवडून बघा, हळूच हं, पाण्याच्या फडक्याने आणि नखाने, चाकूने नको. पाट्या एकावर एक रंगवलेल्या असतात. जिल्हा परिषदेच्या खाली 'जीवन शिक्षण विद्यामंदिर' निघालं तर दचकू नका, ते मूलोद्योगाच्या, म्हणजे हस्तोद्योगातून शिक्षण द्यायच्या काळातलं नाव, टकलीवर सूत काढायचो आम्ही. त्याच्याही खाली 'लोकल बोर्ड' निघालं तर इमारत त्या काळात उभी होती एवढं नक्की झालं.

एक प्रश्न मात्र सगळ्यात आधी विचारा. तुमचं गाव खालसातलं (थेट इंग्रजांच्या अमलातलं) की संस्थानातलं? साताऱ्याकडे औंध, फलटण, भोर सगळी सरमिसळ होती. संस्थानी गाव असेल तर लोकल बोर्ड शोधत बसाल आणि हाती काहीच लागणार नाही, तिथलं शिक्षण खातंच वेगळं.

खालसातलं असेल तर मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा १९ वा खंड, सातारा, १८८५ सालचा, नेटवर मिळतो. त्यात शिक्षणावर वेगळं प्रकरण आहे आणि शेवटी गावांची माहिती. गाव मोठं असेल तर उल्लेख सापडेल. पण खरा खजिना शाळेच्या कपाटात असतो. जनरल रजिस्टर नंबर एक, म्हणजे दाखल-खारिजचं, आणि दुसरं शेरेबुक. जनरल रजिस्टर सगळ्यांना माहीत असतं कारण ओबीसीच्या जातीच्या दाखल्याला १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, गेल्या दोन-तीन वर्षांत तर कुणबी नोंदी शोधायला ती सगळी उलटीपालटी झाली. शेरेबुकाला मात्र कुणी विचारत नाही. डिपोटीसाहेब, म्हणजे शिक्षण खात्याचे डेप्युटी इन्स्पेक्टर, तपासणीला यायचे, पाढे म्हणून घ्यायचे, आणि जाताना शेरा लिहायचे. त्यात जागेचं रडगाणं हमखास असतं. जागा अपुरी, छप्पर गळतं, शाळा देवळात भरत असल्याने उत्सवात सुटी द्यावी लागते. ज्या वर्षी हे रडगाणं थांबतं ते इमारतीचं वर्ष, सोपं आहे. जुनी पानं मोडीत असतील, वाचणारा शोधा.


गटणे_नाही_मी:

धागा वाचून आधी माझ्या शाळेच्या गर्डरवर काय लिहिलंय ते आठवायचा प्रयत्न केला. आमच्या बॅचने तिथे कोरलेली नावं तेवढी आठवली. आम्हालाच निर्लेखित करायला पाहिजे होतं.


गोदाकाठची:

मराठवाड्यातून थोडी भर, कारण हा धागा उद्या आमच्याकडचं कुणी वाचेल आणि लोकल बोर्ड शोधत बसेल.

निजामाच्या राज्यात प्राथमिक शाळेला तहतानिया म्हणायचे, त्यावर वस्तानिया आणि मग फौकानिया म्हणजे हायस्कूल. जुने दाखले उर्दूत. माझ्या आजोबांचा दाखला आम्ही कितीतरी वर्षं उलटा धरून बघत होतो. शाळा गढीच्या देवडीत, मारुतीच्या देवळात, कुठे कुठे मशिदीच्या आवारात. आमचा भाग १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला, त्यामुळे बरीच खेड्यांतली शाळेची पहिली खरी इमारत त्यानंतरचीच.

दादा, एक गोष्ट मात्र काळजीने सांगते. काळा दगड म्हटलं की सगळ्यांना मजबुतीच वाटते. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत जी घरं बसली ती दगडाचीच होती, दोन-दोन फूट जाड भिंती. पण दगड मातीत रचलेले, बाहेरचा थर वेगळा, आतला वेगळा, मधे नुसती भर, दोन्ही थरांना बांधून ठेवणारे आरपार दगड नाहीत, आणि डोक्यावर धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं, मणामणाचं ओझं. कौलारू छप्पर हलकं असतं हे तुमच्या बाजूने आहे, पण भिंत कशात रचलीये हे बघितल्याशिवाय 'दीडशे वर्षं उभी आहे म्हणजे भक्कम' असं कुणाला बोलू देऊ नका. तुमच्याकडे तर कोयना आहे.


चुनखडी:

ताई एकदम बरोबर बोलल्या. माझ्या वडिलांचा बांधकामाचा धंदा, मी जुन्या वाड्यांची दुरुस्ती करतो, दोन-तीन जुन्या शाळाही केल्यात.

दर्जेत खिळा फिरवा. माती असेल तर भुगा तपकिरी येतो आणि खिळा आत जातच राहतो. चुना असेल तर पांढरट कडक निघतो. खात्री करायची तर त्या भुग्यावर लिंबू पिळा, चुना फसफसतो, माती ढिम्म. (सिमेंटही थोडं फसफसतं पण त्याचा राखाडी रंग लगेच ओळखू येतो.) भिंतीच्या कोपऱ्यात लांब दगड एकाआड एक दोन्ही बाजूंना गुंतवलेत का तेही बघा. बोर्डाच्या कामात हे बहुधा नीट असतं, कारण नकाशे ठरलेले असायचे आणि काम तपासायला ओव्हरसियर यायचा. खालची तीन फूट घडीव खांडकी आणि वर ओबडधोबड दगड, फक्त कोपरे आणि खिडक्यांच्या कमानी तासलेल्या, हा त्यांचा ठरलेला हात. पैसे वाचवायची जागा कुठली आणि न वाचवायची कुठली हे त्या लोकांना कळत होतं.

चुना घाणीत मळायचे, म्हणजे गोल दगडी चर, त्यात बैलाने फिरणारं दगडी चाक. तुमच्या शाळेच्या आसपास कुठे तसा चर किंवा चाक पडलेलं दिसलं तर आज्जींच्या गोष्टीला पुरावाच झाला. लोक ते चाक देवळापाशी नेऊन ठेवतात आणि दोन पिढ्यांनी त्याला शेंदूर लागतो, तेव्हा देवळातही बघा.

आता अशा इमारती मरतात कशाने तर वयाने नाही, दोन गोष्टींनी. एक, चार कौलं फुटली आणि कुणी बदलली नाहीत. पाणी वाशांवर, वाशांवरून कैचीच्या टोकावर, आणि जिथे कैची भिंतीत शिरते तिथे ती कुजते, वाळवी तिथूनच चढते. खालून बघणाऱ्याला काही दिसत नाही. दोन, सिमेंटचा गिलावा. कुणीतरी कधीतरी निधी आणतं आणि आतून दगडाला सिमेंट फासतं, वर ऑइलपेंट. दगडी भिंत जमिनीतून ओल ओढते आणि चुन्याच्या दर्जांतून ती बाहेर टाकते, सिमेंटने तोंड बंद केलं की ओल आतच चढत चढत खिडकीपर्यंत येते, मग पोपडे, मग लोक म्हणतात इमारत धोकादायक. पहिली दुरुस्ती बहुतेक वेळा तो सिमेंट गिलावा काढणं हीच असते, फार हळू काढावा लागतो नाहीतर दगडाची कपची त्याच्याबरोबर येते.

निर्लेखनाच्या प्रस्तावात इंजिनिअरचा अहवाल असतो, त्याची प्रत मागून घ्या. मी असे अहवाल बघितलेत ज्यात 'लोड बेअरिंग, कौलारू, वय जास्त' एवढ्यावर काम संपवलेलं. कैचीची टोकं उघडून बघितली का, भिंत ओळंब्यात (सरळ उभी) आहे का, तडा वाढतोय की जुनाच आहे, यातलं काही असलं तर तो अहवाल, नाहीतर नुसता अर्ज.


सोप्यावरचा:

सगळे छपराबद्दल आणि चुन्याबद्दल बोलताय, मी ओसरीबद्दल विचारतो. तुमच्या आज्जींना विचारा ओसरीवर कोण बसायचं.

ऊन-पाऊस भिंतीवर येऊ नये, चपला काढायला जागा, शनिवारी कवायत, ही सगळी कारणं खरी आहेत. पण आमच्या पणजोबांची सगळी शाळा ओसरीवर झाली. आत नाही. पाटी फेकून दिली जायची त्यांच्याकडे, हातात नाही. शाळा देवळात भरायची तेव्हा तर तेवढंही नव्हतं, देवळात आम्हाला कोण घेणार, त्यामुळे शाळा देवळातून बाहेर आली ही आमच्या घरात मोठी घटना म्हणून सांगितली जाते, इमारत कशी का असेना.

साताऱ्यात ७ नोव्हेंबर १९०० ला बाबासाहेबांचं नाव शाळेत दाखल झालं, भिवा रामजी आंबेडकर, रजिस्टरला १९१४ नंबर, ते रजिस्टर आजही आहे. १९२३ मध्ये सार्वजनिक जागा अस्पृश्यांना खुल्या करायचा बोले यांचा ठराव मुंबईच्या कौन्सिलात मंजूर झाला, त्यात विहिरी, धर्मशाळांबरोबर सरकारी शाळाही होत्या. पण ठराव मुंबईत झाला म्हणून ओसरीवरची पोरं दुसऱ्या दिवशी आत गेली असं नाही झालं. शेरेबुक मिळालं तर जागेच्या रडगाण्याबरोबर हेही शोधा, कुठल्या शेऱ्यात 'अस्पृश्य मुले निराळी बसतात' किंवा 'एकत्र बसतात' असं लिहिलेलं असतं. माझ्या दृष्टीने तेही त्या इमारतीचं एक साल.


माळावरचा_वारा:

मंडळी काय बोलू, एवढी उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं. दोन रविवार घालवले, आता सांगतो.

गाव खालसातलं, हे तलाठ्यांकडच्या जुन्या कागदांवरून नक्की झालं. गॅझेटियरमध्ये गावाचं नाव एका ओळीत आहे, घाटाच्या वर्णनात, शाळेचा उल्लेख नाही.

कौलं आतून बघितली, चार प्रकारची निघाली. बासेल मिशनवाली फक्त ओसरीवर, हॉलवरची दुसऱ्याच कारखान्यांची. म्हणजे ज्या कौलावरून ग्रुपवर युद्ध झालं ते कौल कदाचित कुठून तरी आणून ओसरीवर चढवलेलं. मुख्य दारावर गर्डर आहे, त्यावर रंगाचे थर होते, कोळशाने कागदावर घासून ठसा घेतला तर टाटा स्पष्ट आलं. म्हणजे १९१२ च्या आधीची इमारत नाहीच, किमान ते दार तरी. दर्जा चुन्याच्या, लिंबू फसफसलं, आत मात्र कमरेइतकं सिमेंट आहे आणि चुनखडी म्हणतात तशीच ओल बरोब्बर त्याच्या वर. घाणीचं चाक सापडलं!! मारुतीच्या मागे आहे आणि हो, शेंदूर लागलेला आहे, लहानपणापासून आम्ही त्याच्या पाया पडतोय.

पाटीखाली 'जीवन शिक्षण' निघालं, त्याखाली 'बोर्ड' एवढीच अक्षरं, पुढचं गेलंय.

शेरेबुक एक मिळालं, अर्धं उंदरांनी खाल्लेलं. १९२० च्या दशकातले शेरे आहेत, देवळात जागा पुरत नाही हे तीन वेळा, पुढची पानं नाहीत, आणि जिथून परत सुरू होतात तिथे छप्पर शाकारण्याबद्दल लिहिलंय, म्हणजे तोपर्यंत इमारत झालेली. आज्जीचं गणित जुळतंय.

सोप्यावरचा, तुमचा प्रश्न आज्जीला विचारला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली उगवतीकडच्या टोकाला बसायची ती पोरं, तिथं पागोळ्या अंगावर यायच्या म्हणून सरकून भिंतीला टेकायची तर मास्तर ओरडायचे. नंतर कधीतरी आत आली, कोणत्या साली ते तिला आठवत नाही, पण ज्या मास्तरांनी आत घेतलं त्यांच्याविरुद्ध गावाने अर्ज दिला होता हे आठवतंय. मी त्या टोकाला उभा राहून बघितलं. भिंतीचा दगड तेवढ्याच भागात गुळगुळीत झालाय. पाठी टेकून टेकून झाला असेल की पाण्याने, मला माहीत नाही. हा फोटो मी ग्रुपवर टाकलेला नाही अजून.

प्रस्तावाचं म्हणाल तर अहवालाची प्रत मागितली आहे. लगेच पाडत नाहीत, पावसाळ्यानंतर बघू म्हणाले. तोवर निदान मोजमाप तरी घेऊन ठेवावं म्हणतोय. पुढच्या रविवारी दोघं-तिघं जातोय. ३० मीटरचा टेप पुरेल का?


चौपाखी:

पुरेल. बाहेरून चारही बाजू, मग आतून, आणि प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण मोजायला विसरू नका, नाहीतर घरी येऊन काढायला बसाल तेव्हा कोपरे जुळणार नाहीत. भिंतीची जाडी प्रत्येक दारात घ्या. कैचीच्या खाली उभं राहून वर बघत मोजू नका, आधी काठीने ठोकून बघा. आणि तो ओसरीचा गुळगुळीत भाग, तो किती फूट लांब आहे आणि जोत्यापासून किती उंचीपर्यंत आहे ते नकाशात दाखवा.


सोप्यावरचा:

बसलेल्या दहा वर्षांच्या पोराच्या खांद्याइतकी उंची आहे का ते बघा. असेल तर पाण्याने नाही.


माळावरचा_वारा:

बघतो. पुतण्याला बरोबर नेतो, तो चौथीत आहे.